हमीदाखालांचं दार आणि इम्रानचा दिवा

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की मी वायरमन आहे. 'आमची सून जोडण्या करते' एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि त्या भांडवलावर त्यांनी शेजारपाजारचे पंखे, एक मिक्सर आणि देवळातला माइकसुद्धा माझ्याकडे दुरुस्तीला लावून दिला होता. मी म्हणायचे, "आई, मी तारा जोडत नाही, सॉफ्टवेअर जोडते." त्या म्हणायच्या, "मग मिक्सरमध्ये काय तेवढंसुद्धा नसतं?" आता तर मिक्सरमध्येही ते असतं. सासूबाई काळाच्या पुढे होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

या अंकासाठी लिहायला सांगताना संपादकांनी अट घातली, धंदा समजावून सांगा पण डोकं उठवू नका. प्रयत्न करते. समजा, तुमच्या मोबाइलमध्ये तो फोन कुठे आहे हे सांगणारी एक सोय आहे. कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर मेसेज पोचवणारी दुसरी सोय आहे. तिसरीकडे कोणी हवामान सांगतं. आणि तुमच्या घरात भिंतीवर एक डबा बसवलेला आहे, जो पंप, बल्ब नाहीतर गिझर चालू-बंद करू शकतो. या सगळ्या सोयी वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या, एकीला दुसरीचा पत्ता नाही. त्यांची सोयरीक जमवायची आणि त्यातून गिऱ्हाइकाला हवं ते काम करून घ्यायचं, हा माझा धंदा. मी स्वतः काहीही बनवलं नाही. स्थळं जुळवणारे काका स्वतः कुठे मुलं-मुली बनवतात?

अवघड भाग पुढचा. फोन एका जागी बसत नाही. रेंज जाते, बॅटरी उतरते, आणि आपल्याकडे वीज तर तेव्हा हक्काने जायची. एका सोयीने ऐन वेळी मान टाकली तर दुसरी तिच्या जागी गुपचूप उभी करायची आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागू द्यायचा नाही, यात खरी कारागिरी. आणि या धंद्याचा पहिला नियम म्हणजे दुसऱ्याच्या सोयीच्या पोटात शिरायचं नाही. ती म्हणते 'फोन अमुक ठिकाणी आहे', तर आहे. कसा आहे, का आहे, हे विचारायचं नाही. तसं विचारत बसलं तर एकही जोडणी पुरी व्हायची नाही.

पनवेलच्या खांदा कॉलनीत एका शिकवणीवर्गाच्या खाली माझं ऑफिस होतं. वर मुलं एका सुरात सूत्रं घोकायची आणि खाली मी फोनशी भांडायचे. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. लग्नाच्या हॉलच्या मालकांना वरात वळणावर आली की गेटवरची सनई आपोआप लागायला हवी होती. ती लागलीसुद्धा, फक्त नवरदेवाचा फोन करवलीच्या पर्समध्ये असल्यामुळे ब्यूटी पार्लरमधून करवली आली तेव्हा लागली.

नेऱ्याच्या फार्महाउसवाल्या शेटची गोष्ट तर मी कित्येक वर्षं प्रत्येक समारंभात सांगितली. शेट मुंबईहून शनिवारी यायचे. आल्याआल्या अंघोळीला गरम पाणी हवं. मी जोडणी केली ती अशी: शेटचा फोन वाटेवरच्या पळस्प्याला पोचला की फार्महाउसवरचा गिझर चालू. शेट खूश. महिन्याभराने विजेचं बिल बघून शेटचा फोन आला आणि मी नेऱ्याला गेले. तिथला राखणदार बाळाराम, त्याची बायको आणि पोरं अंगणात बसलेली, सगळी कशी लख्ख, केस विंचरलेले.

"म्याडम, आमी हात नाय लावला," बाळाराम आधीच सांगून मोकळा झाला. "पानी आपोआप तापतंय, रोज सकाली. मंग वाया कशाला घालवाचा? पोरांना आंगोल घालतो."

झालं होतं असं की शेटनी नवा फोन घेतला होता आणि जुना, माझ्या प्रोग्रॅमसकट, ड्रायव्हरला दिला होता. ड्रायव्हर राहायचा पळस्प्याच्या पुढे. तो रोज सकाळी घरून निघून पळस्प्याला आला की नेऱ्याला बाळारामचं पाणी तापायचं. फोन म्हणजे माणूस नव्हे, हा धडा मला तिथे फुकट मिळाला होता. मी त्याचा विनोद केला आणि लोकांना हसवत राहिले.

आता हमीदाखाला.

जुन्या पनवेलमध्ये, खाडीच्या बाजूला, त्यांचं बसकं कौलारू घर होतं. नवरा केव्हाच गेलेला. मुलगी लग्न होऊन रत्नागिरीकडे. मुलगा इम्रान आखातात, बांधकामाच्या साइटवर क्रेनचा मेकॅनिक. सुट्टीवर आला असताना तो माझ्याकडे आला तो अवघडलेला, हातात खजुराचा डबा.

"ताई, घरात कॅमेरा बसवायचा होता. अम्मी ऐकत नाही. म्हणते, मी काय दुकानातला माल आहे? पण ती एकटी आहे. मला रोज सकाळी एवढंच कळायला हवं की अम्मी उठली."

"फोन कर की रोज."

"फोनवर ती कायम बरीच असते."

मी घर बघायला गेले. खालांनी मला आधी घावन खायला लावलं आणि मग म्हणाल्या, "पोरी, त्याचं तर झालं. माझं काय? मला पण कळायला नको? मी विचारते, कसा हाय तू, तर बोलतो, मजेत. ताप असला तरी मजेत, भांडण झालं तरी मजेत. फोनवर सगळी माणसं मजेतच असतात. तो कामावरून खोलीवर पोचला, एवढं मला खरं खरं कळलं तर मी सुखाने जेवेन." इम्रानने हळूच सांगितलं की तो नोकरीला गेल्यापासून त्याच्या परतायच्या वेळेचा अंदाज घेऊन, तोवर थांबूनच अम्मी रात्रीचा घास घेते.

अशा दोघांच्या दोन मागण्या आणि माझी एक जोडणी. खाला रोज उजाडताना मागचं दार उघडायच्या, परसात मांजरांना माशांची डोकी घालायला. त्या दाराला मी लोहचुंबकाची एक पट्टी लावली. दार दिवसातून पहिल्यांदा उघडलं की घरातला डबा इम्रानच्या फोनला मिस्ड कॉल द्यायचा. मिस्ड कॉलला खर्च नाही आणि त्यात खोटं बोलायला जागा नाही. उलट्या बाजूने, इम्रानचा फोन साइट सोडून कामगारांच्या कॅम्पवर पोचला की मोबाइलच्या टॉवरवरून ते कळायचं, निरोप माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर यायचा, तिथून पनवेलच्या डब्याला, आणि खालांच्या स्वयंपाकघरात, फळीच्या वर, एक छोटा हिरवा दिवा लागायचा. थोडा वेळ जळून आपला विझायचा. इतक्या परक्या सोयी, दोन देशांच्या कंपन्या, आणि शेवटी टोकाला एक दार आणि एक दिवा. आजही मला माझ्या सगळ्या कामात ते सर्वांत देखणं वाटतं.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबले होते. इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान झाली आणि पाठोपाठ दिवा लागला. खाला बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "पोचला." आणि भाकरीचा तुकडा मोडला. शेजारच्या सुनंदावहिनीही बघायला आल्या होत्या. दोघींच्या घरांचं परस एकच, त्यामुळे मांजरं आणि भांडणं दोन्ही समाईक. सुनंदावहिनी म्हणाल्या, "चाची, आता तुमाला घड्याल नको नि फोन नको."

पहिल्या वर्षात या जोडणीने मला रडवलं. दाराची बॅटरी संपायची. पावसात दार फुगून पट्टी सरकायची. टॉवर बदलला की दिवा लागायचा नाही आणि खालांचा निरोप यायचा, "पोरी, पोचला नाय." मी स्कूटर काढून जायचे, दुरुस्त करायचे, खालांकडे सांदणं खायचे, मांजरांच्या कुळाची हकीकत ऐकायचे. माझ्या कॉम्प्युटरवर दार आणि दिवा यांच्या वेळांचा आलेख पडायचा, तो म्हणजे निव्वळ करवतीचे दाते. रमजानात दार मध्यरात्रीनंतर उघडायचं, रोज्याआधीच्या जेवणासाठी, सहरीसाठी. गुडघे धरले की उशिरा. इम्रानचा दिवा गुरुवारी हटकून लांबायचा, कारण तो बाजारात जायचा. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी दिवा नाही, फोन. तो आलेख बघून मला या दोघांचा आठवडा कळायचा.

मग मी सुधारणा केल्या. चांगली बॅटरी, दोन कंपन्यांची सिमकार्डं, एक बंद तर दुसरं. हळूहळू बिघाड थांबले. आणि पुढे एका वर्षी, पावसाळा संपता संपता, आलेख सरळ झाला. दार रोज त्याच वेळेला. दिवा रोज त्याच वेळेला. गुरुवारीसुद्धा.

मला काय आनंद झाला! माझी जोडणी आता तेल घातल्यासारखी चालतेय, असंच मला वाटलं. तो आलेख मी छापून ऑफिसच्या भिंतीवर लावला. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी नेऱ्याच्या गिझरची गोष्ट सांगून हसवायचं आणि मग भिंतीकडे बोट दाखवायचं: "हे बघा, आखात ते पनवेल, एक दिवस चुकलेला नाही." बिघाड नाही म्हणून निरोप नाही, निरोप नाही म्हणून माझी फेरी नाही. खालांकडे जायचं राहूनच गेलं. जुन्या पनवेलला कामाने जायचे तेव्हाही वाटायचं, सगळं ठीक चाललंय, उगाच कशाला त्यांना उठाबशा काढायला लावा. त्या फेऱ्या बिघाडाच्या निमित्ताने होत होत्या म्हणून होत होत्या, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

हिवाळा सरत आला होता तेव्हा सुनंदावहिनींच्या मुलाचा फोन आला, की चाची गेल्या. मी पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडला. लाज वाटते सांगायला, पण माणूस धंद्याच्या सवयीने वागतं. त्या सकाळचं दार वेळेवर उघडलं होतं.

मी पोचले तेव्हा मय्यत निघून गेली होती. बायकांत बसले. इम्रान दुसऱ्या दिवशी मिळेल त्या विमानाने आला, त्याला मातीही देता आली नाही. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. त्यानेच बोलावलं होतं, "ताई, ते काढून न्या." पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर टाकून गेले.

दिवस मावळला होता. बाहेरच्या खोलीत नातेवाईक होते, स्वयंपाकघर रिकामं. त्यांच्यात तीन दिवस त्या घरची चूल पेटवत नाहीत, जेवण शेजारून येतं, त्यामुळे आत कोणी फिरकलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खालांची खाट होती. ती पूर्वी तिथे नव्हती. इम्रान फळीखाली जमिनीवर बसला होता. दाढी वाढलेली, आणि तो कमरेतून वाकडा बसला होता.

"खाट इथे कशी?" मी विचारलं.

उत्तर सुनंदावहिनींनी दिलं. त्या जेवणाचं ताट झाकून घेऊन मागच्या दाराने आल्या होत्या. "हितून दिवा दिसतो ना. चाचीला उठवत नव्हता. पावसाल्यापासून पोटात काय नाय रहायचं. डॉक्टर बोलला, मुंबईला न्या. चाची बोलली, नाय. न्यायचा तर इम्रान पायजे, नि इम्रानचा काम सुटल."

"मग दार?" मी विचारलं, पण विचारतानाच मला उत्तर कळलं होतं.

"आमी उघडायचो. चाचीनं माला शपथ घातली व्हती. बोलली, सुनंदा, दार वेलेवर उघड, पोराला कालजी नको. मी घड्याल लावून उठायची. एक दिस चुकवला नाय." हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि मग एकदम त्या पदराने तोंड पुसायला लागल्या.

इम्रानने कमरेवर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मी पावसाळ्यापासून कामावर नाही. क्रेनवरून पडलो, कंबर गेली. कंपनी तिकीट देत होती, घरी जा म्हणाली. मी म्हटलं, असा वाकडा होऊन अम्मीसमोर कुठे जाऊ? दुसरं हलकं काम मिळालं की सांगेन. खोलीत बशीर म्हणून केरळचा मुलगा आहे, त्याच साइटवर. रोज सकाळी तुमच्या जोडणीचा फोन त्याच्या खिशात घालायचो. तो जायचा, तो यायचा. दिवा लागायचा ना इथे?"

"लागायचा."

"मला रोज मिस्ड कॉल यायचा. म्हटलं, अम्मी ठणठणीत आहे, मांजरांना घालतेय. ती बरी आहे तर घाई काय?" त्याने खाटेकडे पाहिलं. "ती गेली त्या दिवशीसुद्धा आला, ताई. पहाटे माणसं मागच्या दाराने आली असतील. मिस्ड कॉल आला, मी फोन बशीरला दिला, आणि मग माझ्या दुसऱ्या फोनवर मामूचा फोन आला."

हे ऐकताना मला माझ्या भिंतीवरचा तो आलेख दिसत होता. करवतीचे दाते जाऊन सरळ झालेली रेघ. माणसं आजारी पडतात, रुसतात, बाजारात रेंगाळतात, तेव्हा दाते पडतात. शपथ घातलेली शेजारीण आणि शब्द दिलेला मित्र तेवढे घड्याळाच्या ठोक्याला चालतात. गुरुवारचा दात गेला तेव्हा मला विचारायला हवं होतं, की इम्रानचा बाजार का सुटला? सोयीच्या पोटात शिरायचं नाही, हा धंद्याचा नियम मी इतका मुरवला होता की दोन माणसांची पोटंही त्यात बंद करून टाकली. तिला तो हवा होता. तो येऊ शकत होता. अख्खा हिवाळा त्या दोघांना एकमेकांजवळ मिळाला असता, आणि दोघांनी आपापल्या टोकाला बसून माझ्या यंत्रावर विश्वास ठेवला.

"काढू?" मी विचारलं.

तो हो म्हणाला. मी पर्स उघडली. सुनंदावहिनी खाटेजवळ ताट ठेवायला वाकल्या होत्या, महिनोन्महिने रोज ठेवत आल्या तशाच. बाहेर इशाची अजान सुरू झाली. ती संपली आणि फळीच्या वरचा हिरवा दिवा लागला.

घाईघाईत निघताना इम्रान आपला दुसरा फोन घेऊन आला होता. जोडणीचा फोन अजून बशीरच्याच खिशात होता, आणि त्याला कोणी थांब म्हणून सांगितलं नव्हतं. तो रोजच्यासारखा कामावरून खोलीवर आला होता.

सुनंदावहिनींनी दिव्याकडे पाहिलं आणि सवयीने ताटावरचं झाकण काढलं.

"पोचला पोर," त्या खाटेकडे बघून म्हणाल्या. "जेवा आता, चाची."

इम्रान दिव्याखाली बसला होता.